विकायचा आकडा

सकाळी सव्वानऊला शेअर बाजार उघडतो तेव्हा अलका कुकर लावते. पहिला अर्धा तास ती मोबाइलला हात लावत नाही. सुरुवातीला लावायची आणि दर वेळी महाग घ्यायची. लोक रात्रभर मनात घोळवलेलं सगळं त्या अर्ध्या तासात ओकून टाकतात, मग भाव जरा जागेवर येतात, हे तिला तोटा सोसून कळलं. आता तेवढ्या वेळात तिची भांडी विसळून होतात.

शेअर निवडायचे ते शनिवारी दुपारी. हैदराबादला दिलसुखनगरात अलकाच्या फ्लॅटखाली कोचिंग क्लास आहे. शनिवारी मुलांची चाचणी असते, म्हणून खाली थोडी शांतता. तेव्हा ती कंपन्यांचे तिमाही निकाल वाचते. कर्ज फार असलं तर कंपनी बाद. मालकांनी आपलेच शेअर गहाण ठेवले असले तरी बाद. कंपनी नेमकं काय करते हे एका वाक्यात सांगता येत नसेल तर वाचायचंच नाही पुढे. आणि घेतानाच विकायचा आकडा ठरवायचा. भाव इथवर पडला की काढून टाकायचा, मग कितीही थांबावंसं वाटो. घेणं कोणालाही जमतं. ही विकायची सवय अंगी बाणायला मात्र फार वेळ गेला. त्या सवयीमुळेच अलकाने शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे शाबूत राहिले, थोडे वाढलेही.

खातं होतं नवऱ्याच्या, श्रीकांतच्या नावावर. "एका घरात दोन खाती कशाला?" असं तो तेव्हा म्हणाला होता आणि तिलाही ते पटलं होतं. शेअर विकताना ओटीपी त्याच्या मोबाइलवर येई. तो सिकंदराबादच्या ऑफिसात. ही फोन करणार, तो मीटिंगमधून बाहेर येऊन कुजबुजत आकडे सांगणार. कधी फोनच उचलणार नाही. अलकाला बाजारापेक्षा या फोनाफोनीचा शीण जास्त.

एका रविवारी श्रीकांतच्या ऑफिसातले प्रतापराव जेवायला आले. त्यांचा जन्म हैदराबादचा; बोलायचे ते घरची मराठी, पण निम्मी इथल्या वळणाची.

"काय करू लागलात वहिनी? नक्को, नक्को, आता बस," पोळीवर हात आडवा धरत ते म्हणाले. "तुम्हाला सांगतो, हा माणूस उस्ताद आहे. पहिला अर्धा तास बाजाराकडे बघायचंच नाही म्हणतो! आम्ही सगळे ह्याच्या मागं. तो पंपवाला शेअर सांगितला ह्यानं, अख्ख्या सेक्शननं घेतला."

अलकाने श्रीकांतकडे पाहिलं. तो ताटातली कोशिंबीर फार लक्ष देऊन खात होता.

"सवय लागते हळूहळू," तो म्हणाला.

"वहिनींच्या डोक्याला हा ताप नाही, ते एक बरंय."

"हो, बरंय. भात वाढू?"

पाहुणे गेल्यावर तिने विचारलं, "तिकडे काय काय सांगत असतोस?"

"अगं, बोलण्याच्या ओघात होतं. आणि खातं माझंच आहे ना?"

यावर भांडता आलं असतं, पण ओटा आवरायचा होता.

मंगळवारी त्या पंपवाल्या कंपनीचे निकाल आले. विक्री घटली होती, कर्ज वाढलं होतं. दुपारी भाव अलकाच्या आकड्याखाली आला. तिने फोन लावला.

"ओटीपी सांग. पंपवाला काढतेय."

"आज? थांब ना जरा. येईल वर."

"आकडा आला, श्रीकांत."

"हळू बोल. प्रतापराव समोर आहेत. सकाळीच सगळ्यांना म्हटलंय, धीर धरा. आणि मीच विकू?"

"त्यांनाही विकायला सांग."

"कुठल्या तोंडानं? संध्याकाळी बोलू आपण."

फोन बंद झाला. बाजार बंद होईपर्यंत ती भाव बघत बसली. असं बसायची तिला सवय नव्हती. ठरल्या आकड्याला विकून झालेला तोटा तिला पचत असे, कारण तो आधीच मनाशी धरलेला असायचा. हा तोटा श्रीकांतच्या ऑफिसातल्या अब्रूपायी होता आणि भरायचा होता तिच्या शिकवण्यांतून.

संध्याकाळी श्रीकांतचं डोकं दुखत होतं, म्हणून बोलणं झालं नाही. दुसऱ्या दिवशी भाव आणखी पडला. तिसऱ्या दिवशी बाजार उघडला तरी श्रीकांत घरीच घुटमळत होता. शेवटी बूट घालता घालता त्याने मोबाइल तिच्यासमोर धरला.

"घे. काढून टाक."

तिने शेअर विकले.

"झालं? आता तरी तोंड सरळ कर."

"हे पैसे माझ्या बँकेत टाक. मी माझ्या नावाचं खातं उघडतेय."

"म्हणजे माझ्यावर विश्वास नाही?"

"विश्वासाचं नाही, ओटीपीचं आहे."

तो डबा न घेताच गेला. दुपारी तिने तोच डबा उघडून खाल्ला. वेगळं पान वाढून घ्यायचंही जिवावर आलं होतं.

शनिवारी त्या आठवड्याचे निकाल वाचायचे राहूनच गेले. सगळी दुपार नव्या खात्याचे कागद मोबाइलवरून पाठवण्यात गेली. मग शेअर दलालाच्या ऑफिसातल्या मुलीचा फोन आला. अलकाने तो स्पीकरवर टाकला. श्रीकांत समोरच पेपर घेऊन बसला होता.

"मॅडम, हाउसवाइफ लिखूँ?"

"लिखो."

"मार्केट का तजुर्बा? नहीं है ना? वैसाच डालती मैं."

"है. पाँच-छह साल."

"अच्छा? पहले किधर अकाउंट था?"

"मिस्टर के नाम पे."

"तो ट्रेडिंग वो करते थे ना?"

श्रीकांतच्या हातातलं पान उलटायचं थांबलं. अलकाची पाठ दुखत होती. हो म्हटलं असतं तर फोन लवकर संपला असता.

"नहीं," ती म्हणाली. "मैं करती थी."

श्रीकांत उठून गॅलरीत गेला. थोड्या वेळाने तिथून त्याचा आवाज आला. "प्रतापराव, अहो, तो पंपवाला मी काढला... म्हणजे अलकानं काढला. हो, वहिनींनी. तुम्हीही काढा सोमवारी. नाही हो, सगळं तीच बघते. पहिल्यापासून." मग तो बराच वेळ नुसता हं, हं करत राहिला.

"मॅडम, हैं ना लाइन पे?" मुलीने विचारलं.

"हाँ, बोलो," अलका म्हणाली आणि पाठीशी उशी ओढून घेतली.