सहाव्या महिन्यानंतरचं रक्त

नातीचं उष्टावण आम्ही एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या क्वार्टरमध्येच केलं. सहावा महिना लागला होता. पहिला घास मामाने भरवायचा, म्हणून सूनबाईचा भाऊ नामपूरहून पहाटेची एसटी धरून आला. आता सूनबाई म्हणजे माझ्याच सख्ख्या भावाची लेक, तेव्हा हा माझाही भाचाच. आमच्यात मामाची मुलगी करतात. तिला मीच हट्टाने घरात आणली होती.

त्याने खीर चाटवली, पोरीने तोंड वाकडं केलं, सगळे हसले. गालांवर गुलाबी रंग, मनगटांना वळ्या. कॉलनीतल्या बायका म्हणायच्या, हिला काळी तीट लावत जा हो.

पंधरा-वीस दिवसांत तिचा रंग उतरायला लागला. आधी वाटलं दात येत असतील. मग एका दुपारी मी तिची खालची पापणी ओढून बघितली, तर आतून पांढरी. दूध ओढता ओढता दमायची आणि मध्येच सोडून द्यायची.

कारण काय म्हणून मी आठवायला बसले, तर बदललेली गोष्ट एकच, ती खीर. आणि ती भरवणारा हात. पुढच्या वेळी भाचा आला तेव्हा मी त्याला ओट्यावरच थांबवलं.

"तुझा हात बाधला पोरीला. त्या दिवसापासून उतरलीय ती."

"आत्या, मन्हा हातमा काय शे? वाटी तर तूच दिन्ही."

"पोर बरी होईपर्यंत इकडे फिरकू नकोस."

त्याने पिशवी खाली ठेवली आणि आल्या पावली गेला. सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मला वाटलं होतं भांडेल. तिने नुसती पिशवी उचलून आत नेली, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

मग मी आजीपणाचा कारभार सुरू केला. वरचं खाणं बंद. रक्त कमी म्हणजे लोह द्यायचं, एवढं तर कोणीही सांगतं, म्हणून एका ओळखीच्या कंपाउंडरकडून टॉनिकची बाटली आणली. तीन वेळा एक एक चमचा, माझ्या हाताने. पोट फुगायला लागलं तेव्हा मी म्हटलं, अंग धरतेय. काय म्हणावं मला!

पोरीला धाप लागायला लागली तशी मुलाने माझं ऐकणं सोडलं आणि तिला नाशकात लहान मुलांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. आम्ही सगळेच गेलो. डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि डाव्या बाजूला त्यांची बोटं थांबली.

"पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढलीय. हे टॉनिक कोणी चालू केलं?"

"मी."

"आजपासून थेंबही नाही. हिला लोह कमी नाहीये." मग मुलाकडे बघून म्हणाले, "तुम्ही दोघं नात्यातले?"

मुलाने माझ्याकडे बघितलं. मीच म्हटलं, "माझ्या भावाची मुलगी आहे ती." त्यांनी ते कागदावर लिहिलं. मला विंचू चावावा तसं झालं.

रक्त तपासायला मुंबईला गेलं. आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी पोळ्या लाटता लाटता सतरांदा उठून तिच्या छातीवर हात ठेवून यायचे.

रिपोर्ट आला. डॉक्टरांनी जे सांगितलं ते तेव्हा मला अर्धंच समजलं. मी शिकले चौथीपर्यंत, बाकीचं पुढे वाचनालयातली पुस्तकं वाचून जुळवलं. प्रत्येक पेशीत सगळं शरीर घडवायच्या सूचना असतात, पण सगळ्या एकदम वाचल्या जात नाहीत. पोटातल्या बाळाचं रक्त एका सूचनेने बनतं, आईच्या रक्तातला प्राणवायू ओढून घेणारं. जन्मानंतर ती सूचना हळूहळू मिटत जाते आणि मोठ्या माणसाच्या रक्ताची दुसरी उघडते. आमच्या पोरीची ती दुसरीच बिघडलेली होती, आईकडूनही आणि बापाकडूनही.

आमचे हे बॉयलरवर कामाला. ते म्हणाले, "म्हणजे एक युनिट बंद केलं आणि दुसरं पेटलंच नाही."

"बरोबर," डॉक्टर म्हणाले. "आणि बंद कोणी केलं नाही, शरीर आपल्या वेळेने करतं. साधारण सहा महिन्यांत."

"मग पहिलंच परत चालू करा की, डॉक्टर," मी म्हटलं.

"बाई, ते कसं मिटतं हेच अजून पुरतं कळलेलं नाही. आज मी फक्त दुसऱ्याचं रक्त देऊ शकतो. आत्ता, लगेच. मग दर महिन्याला."

"आणि ती खीर?" सूनबाईने विचारलं. आवाज अगदी बारीक.

"कसली खीर?"

तिने सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "तिचा काही संबंध नाही. हे आजी-आजोबांच्या पिढीतूनच आलंय." त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही, बघायची गरज नव्हती. माझ्या आई-बापांकडून मला आणि भावाला, माझ्यातून मुलाला, भावातून सुनेला. सगळं माझं माहेरच की!

रक्ताची बाटली आली तरी शीर सापडेना. हाताला तीनदा टोचलं, मग पायाला. चौथ्या खेपेला लाल थेंब नळीत चढला आणि नर्स म्हणाली, "आता हलू देऊ नका, पुन्हा मिळायची नाही शीर."

पोरगी पाय झाडायला लागली. मी म्हटलं, "चुकलं गं माझं. तुझ्या भावाला मी..."

"आत्या," सूनबाई म्हणाली, "ते नंतर. आधी पाय धरा तिचा."

मी धरला. एवढासा गार पाय, मुठीत मावेल असा. थेंब पडत होते, उन्हं खिडकीवरून सरकली, हाताला मुंग्या आल्या. सूनबाईने दोनदा विचारलं, मी धरू का? मी नाही म्हटलं.