काऊचा घास काऊला

माणसाच्या पोटाची जितकी बूज आमच्या काळाचौकीच्या चाळीतल्या मावशींनी राखली, तितकी जगात दुसऱ्या कुणी राखली असेल असं मला वाटत नाही. मी कापडाच्या गोदामात स्टोअरकीपर आहे. गठ्ठे मोजल्याशिवाय सही करत नाही, आणि मोजल्याशिवाय मोठं बोलायचीही मला सवय नाही. तरी हे वाक्य मागे घेणार नाही. मावशी तशा कुणाच्याच सख्ख्या मावशी नव्हेत. दुसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीत त्यांनी सव्वीस वर्षं कामाला जाणाऱ्या बायांची मुलं सांभाळली. एका वेळी सात. आठवं मूल कितीही गळ घातली तरी घेतलं नाही. "माका हात दोन, डोळे दोन. आठव्याक काय लावू?" दोन आणि दोन मिळून सात कसे होतात, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

मावशींकडे वजनकाटा नव्हता, जिना होता. महिन्याच्या पहिल्या सात दिवसांत त्या रोज एक मूल कडेवर घेऊन तळमजल्यापासून वर चढत. पायऱ्या बेचाळीस, मी मोजल्या आहेत. ज्या पायरीवर धाप लागेल ती त्या मुलाची पायरी. एका दिवशी एकच मूल, कारण दमलेला काटा खोटं सांगतो. मला हे थोतांड वाटे. एका रविवारी मी मालकांना विचारून गोदामातला लहान काटा घरी आणला आणि मावशींनी पायरीवरून आधी मला सांगितलेलं प्रत्येकाचं वजन ताडून पाहिलं. सात मुलांत मिळून फरक निघाला पाऊण किलोचा. काटा मी मुकाट्याने परत नेऊन ठेवला. त्यातली खरी हुशारी मला नंतर कळली. आमच्याकडे कुणाच्या मुलाला जाड म्हटलं की दृष्ट लावली म्हणून भांडण होतं. मावशी आईला एवढंच सांगत, "तुझो झील तिसाव्या पायरीचो होतो, आता बाविसाव्याचो झालो हा." पायरीचा राग कोण धरणार? आई गुपचूप घरी जाऊन बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर ठेवी.

त्यांचा दुसरा कायदा ताटाचा. मुलानं तोंड फिरवलं की ताट संपलं. एखादी आजी मध्ये पडून 'एक घास चिऊचा, एक घास काऊचा' सुरू करायला गेली, तर मावशी तो घास तिच्या हातातून काढून घेत आणि गॅलरीच्या कठड्यावर नेऊन ठेवत. दुपारी बाराला कठड्यावर कावळ्यांची रांग लागे. शेजारच्या वहिनी एकदा न राहवून म्हणाल्या, "मावशी, तुमच्याकडे रोज कुणाचं श्राद्ध असतं हो?" मावशी शांतपणे म्हणाल्या, "काऊच्या नावान घास काढतास, मगे तेचो वाटो तेका नको?"

हे सगळं मी लांबून हसत पाहिलं, माझ्या नातीची पाळी येईपर्यंत. मुक्ता अडीच वर्षांची होती. सून मॉलमधल्या दुकानात उभी, मुलगा दिवसभर टेम्पोवर, म्हणून तिला भरवायचं काम माझ्याकडे आणि आमच्या हिच्याकडे. मी वही ठेवली होती. दर जेवणाला किती घास, ते लिहायचं. वीस, चोवीस, अठ्ठावीस, एकतीस. मधल्या वेळेला चहात बुडवलेली बिस्किटं वेगळी. आकडा चढला की मला बरं वाटे. माझ्या लहानपणी वडिलांची गिरणी बंद पडली, तेव्हा आई आम्हा भावंडांना घास मोजून वाढायची. मी मोजत होतो ते बहुधा त्याच दिवसांचं भरून काढायला.

लशीला नेलं तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मुक्ताच्या वजनाच्या कार्डावर टिंब काढलं. ते सगळ्यात वरच्या रेघेच्याही वर गेलं. जिन्यात ती नवव्या पायरीला धापा टाकत, उचलून घ्या म्हणून हात वर करते, हेही मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "उपाशी ठेवायचं नाही हं आजोबा. वजन उतरवायचं नाही, थांबवायचं. उंची मागून येईल."

संध्याकाळी मी वही घेऊन मावशींकडे गेलो. त्या म्हणाल्या, "वाच." मी वाचलं. "एकतीसातले मुक्ताचे किती?" मी आठवून म्हणालो, "सतरा. मग ती तोंड फिरवते."

"मगे चौदा कोणाचे?"

"चिऊचा, काऊचा, माऊचा... आत्याचा... समोरच्या टॉवरच्या वॉचमनचा."

"मगे त्या वॉचमनाक नेऊन दी रे सायबा! चेडवाच्या पोटात कित्याक घालतंस?"

दुसऱ्या दिवसापासून मुक्ता मावशींच्या खोलीत जाऊ लागली. तिच्यासाठी त्यांनी सातचा नियम मोडला, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तिथे डाळभात, भाजी-भाकरी, केळं. मोबाइल नाही, बिस्किट नाही. जिना स्वतः चढायचा, दमलं की पायरीवर बसायचं. काऊचा घास ती स्वतः कठड्यावर ठेवू लागली. आठ महिन्यांनी कार्डावरचं टिंब रेघेच्या आत आलं. त्या दिवशी ती बेचाळीस पायऱ्या एका दमात चढली, मोठ्यांदा मोजत. अकरानंतर थेट वीस म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच मी चुकीची मोजणी दुरुस्त केली नाही.

आता मुक्ता शाळेत जाते. मावशींचे गुडघे गेले, पाळणाघर बंद झालं. गेल्या महिन्याच्या तापानंतर त्या फारशा उठत नाहीत. संध्याकाळी मुक्ता आणि मी मऊभात घेऊन जातो, भरवते ती. काल त्यांनी पाच घास घेतले आणि तोंड फिरवलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "मावशी, एक घास चिऊचा..."

मुक्तानं माझ्याकडे पाहिलं. "आजोबा, तोंड फिरवलं ना त्यांनी." ती घास घेऊन कठड्याकडे गेली. मावशी उशीवर मान टेकून आपलं शिकवणं वाया गेलं नाही अशा समाधानानं हसल्या.

घासांची वही बंद करून मला तीन वर्षं झाली, मोजणं काही सुटत नाही. काल पाच होते. परवा सहा होते.