झाकणार कवा?

कळंबच्या खताच्या दुकानात एक काका असतात, त्यांचं नाव मला अजून माहीत न्हाय. युरिया मागितला की ते आधी विचारतात, "मातीनं झाकणार कवा?" गिऱ्हाईक कितीबी चिडू द्या, उत्तर मिळेपर्यंत गोणी हलत न्हाय. म्या दरवेळी "लगेच" म्हणायचो.

परवा ओल्या रानात मक्याला युरिया फेकला आणि तसाच सोडला. दुसऱ्या दिवशी काका रानाजवळच्या रस्त्यानं गाडीवरनं चालले होते. गाडी लावून थेट सरीत आले, वाकून वास घेतला.

"नाकाला झोंबतंय बघ. तुझं खत हवेत चाललंय."

"आता वो काका?"

"सायकल कोळपं आण. उरलंय तेवढं झाकू."

पांढरी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून निम्मं रान त्यांनीच ते चाकाचं कोळपं हातानं ढकलत कोळपलं. संध्याकाळी म्या वाकून वास घेतला. नुसता मातीचा आला. लई बरं वाटलं.