गिरणीच्या भिंतीतली वाट

आमच्या चाळीच्या मागच्या गॅलरीतून गिरणी दिसायची ती फक्त वरवरची. करवतीच्या दात्यांसारखी छपरं, चिमणी आणि भिंतीपलीकडच्या झाडांचे शेंडे. भिंत उंच होती आणि मी बुटकी, त्यामुळे आत काय आहे ते मी मनानेच मांडून घेतलं होतं. बाबा आत साचेखात्यात होते, साच्यावर म्हणजे मागावर कापड विणायचे. ते सांगायचे, आत एक तळं आहे, बॉयलरच्या पाण्यासाठी बांधलेलं, आणि त्यात मासे आहेत. आई म्हणायची, "तुझो बापूस थापा मारता." मला मात्र ते मासे दिसायचे. दुपारी गॅलरीत पडल्या पडल्या मी त्या तळ्याभोवती बाजार भरवायची, शाळा बसवायची, एक घर आम्हाला देऊन टाकायची. त्या गावात भोंगा वाजत नसे आणि कोणी धावत नसे.

बाबा पाळीवरून घरी आले की दारातच दोन्ही हात वर करून उभे राहायचे. गिरणीच्या गेटावर बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कामगाराची झडती व्हायची, कापड लपवून नेत नाही ना ते बघायला. "थयची झाली, आता तुझी कर," म्हणायचे. मी पोलिसासारखं तोंड करून त्यांचे खिसे चाचपायची आणि एका खिशात हमखास लिमलेटची गोळी निघायची. ती मी जप्त करायची.

मग संप झाला आणि आमच्या घरातली झडती बंद पडली. चार दिवसांत मिटेल असं सगळ्यांना वाटत होतं. तो मिटलाच नाही. माणसं थकली, कोणी परत कामावर गेलं, कोणी कायमचं गावी गेलं. बाबा गिरगावात एका छापखान्यात पुस्तकं बांधायला लागले. पण गिरणीच्या गेटासमोरून जायची वेळ आली की रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथने चालायचे. संपावरचा माणूस गेटात पाऊल टाकत नाही, इतकं साधं होतं ते. पुढे गिरणीला टाळं लागलं, साचे भंगारात गेले, चिमणीवर पिंपळ उगवला, तरी यांचं चालूच. कोणी काही बोललं की उत्तर ठरलेलं.

"संप कोणी मागे घेतल्यान? माका सांग."

संप रीतसर कोणी मागे घेतलाच नव्हता. मोठेपणी मी यावर चिडायचे. आमच्या बापाशी वाद घालणं म्हणजे दगडावर डोकं आपटून घेणं.

पुढे मी आर्किटेक्ट झाले, आणि ज्या ऑफिसात नोकरीला होते तिथेच या गिरणीच्या जागेचं काम चालून आलं. घरं, दुकानं, छोटी वर्कशॉपं, शाळा, सगळं एकाच ठिकाणी, पायी फिरता येईल असं. झाडं तोडायची नाहीत, जुन्या विटा नि सागवान पुन्हा वापरायचं, पावसाचं पाणी गटारात जाऊ द्यायचं नाही. साहेब मोठ्या तळमळीने हे सांगत होते आणि मला हसू आवरत नव्हतं. हे गाव माझं कधीच मांडून झालं होतं.

पहिल्यांदा आत गेले ती टळटळीत दुपारी. गवत कमरेला लागत होतं, कुठलाच आवाज नव्हता. झाडं ओलांडून गेले तर तळं! शेवाळाने हिरवंगार झालेलं, पण होतं. काठावर वाकून बघितलं तर तळाशी काहीतरी हललं, परत हललं. बाबा थापा मारत नव्हते. मी तिथेच बसून रडले. बरोबरचे सर्व्हेवाले शहाणे, त्यांनी दुसरीकडे बघितलं. तेव्हाच ठरवलं, बाकी काही होवो न होवो, बाबांना एकदा इथे आणून बसवायचं. त्यांचे गुडघे गेले होते, डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. पुढची वर्षं मी राबले ती या एका हट्टापायी.

त्या वर्षांचं आता धड काही सांगता येत नाही, झोपेत चालल्यासारखी गेली. करवती छपरांच्या काचा उत्तरेकडे तोंड करून होत्या, विणणाऱ्याला ऊन न लागता दिवसभर सारखा उजेड मिळावा म्हणून. तो उजेड भाजीवालीला काय वाईट? साचेखात्याचा बाजार झाला. छपरांवरचं पाणी पन्हळींमधून तळ्यात उतरवलं. घरांना लांबलचक गॅलऱ्या दिल्या, दुपारी आडवं पडता येईल अशा. आणि गेट! दगडी कमान, लोखंडी दारं, वर बंद पडलेलं घड्याळ. साहेब म्हणाले, पाडून टाकू. मी हमरीतुमरीवर आले. "गेट राहणार, आणि आत यायची वाटही तीच राहणार." जागेच्या मालकांनाही ते पटलं, एकच वाट म्हणजे पहारा सोपा. मी खुशीत नकाशा घरी नेला आणि जमिनीवर पसरला.

बाबांनी तळ्यावर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं. मग विचारलं, "आत जावचा खयसून?"

"गेटातून. तुमचंच गेट, बाबा. तसंच्या तसं ठेवलंय."

त्यांनी चष्मा काढला. "मगे माका जमाचा नाय."

आई भाकरी थापत होती, तिला हसू फुटलं. "एवढी शिकलंस, आणि बापाशीक भायर ठेवलंस!"

खरंच होतं. परक्या माणसाने ते गेट पाडलं असतं आणि बाबा सुखाने आत गेले असते. मी गिरणगावची, म्हणून मायेने जपलं, आणि माझ्याच बापाची वाट अडवली. माझा तोल सुटला. "गिरणी नाही, साचे नाहीत, तुमच्याबरोबरचे निम्मे लोक नाहीत. आता संप आहे तरी कोणाचा?"

"माझो आसा," ते म्हणाले. आवाजसुद्धा चढवला नाही.

मी उठून मागच्या गॅलरीत गेले. फार वाईट वाटत होतं. यांचं सगळं गेलं, दिलेला शब्द तेवढा उरला होता, आणि मी तोच मागायला निघाले होते. समोर भिंत होती, लहानपणी होती तशीच. बघता बघता लक्षात आलं, अख्खं गाव मी नव्याने मांडलं, पण या भिंतीला हात लावायचं मला सुचलंच नाही. माझं स्वप्नच भिंतीआड वाढलेलं, त्याला भिंत हवीच वाटायची.

दुसऱ्या दिवशी साहेबांना म्हटलं, चाळीच्या गल्लीपाशी भिंत फोडायची. ते उडालेच. मी म्हटलं, पायी फिरायचं गाव म्हणता आणि शेजारणीला भाजीसाठी दोन रस्त्यांचा वळसा घालायला लावता? मालकांनी कुरकुर केली, मग म्हणाले, निदान दार तरी लावा. मी दार लावू दिलं नाही. दार लागलं असतं तर त्याचंही गेट झालं असतं.

बाजार सुरू झाला तेव्हा बाबांना त्या वाटेशी घेऊन गेले. त्यांनी कापलेल्या विटांवरून हात फिरवला, कुठे दार आहे का ते बघितलं.

"ह्या गेट नाय?"

"नाही. आपलीच गल्ली पुढे गेलीय."

"मगे गल्लीयेत फिराक माका कोणाची परवानगी व्हयी?" आणि ते आत शिरले.

बाजारात भरपूर मोकळी जागा होती, तरी ते अंग चोरून एका रेषेत चालले, दोन साच्यांमधून चालावं तसे. एका कांदेवालीपाशी थांबले आणि मला हातानेच खूण केली, इथे माझा साचा होता. साच्यांच्या आवाजात कधी कोणाला कोणाचं ऐकू गेलं नाही, तिथे सगळे हातांनीच बोलायचे. मीही हातानेच विचारलं, चहा? त्यांनी मान डोलावली. मग तळ्याकाठी आम्ही खूप वेळ बसलो. मोतीबिंदूमुळे त्यांना मासे दिसत नव्हते. मी सांगत होते, आता हा आला, आता तो गेला. ऊन पाण्यावरून हळूहळू सरकत होतं आणि मला कुठेच जायचं नव्हतं.

निघताना मी गल्लीकडे वळले. ते सरळ गेटाकडे चालू लागले.

"बाबा, तिकडे गेट आहे!"

"म्हायत आसा. आत जावचा नाय, असा ठरलेला. भायर पडाक कोणी अडवल्यान?"

कमानीखाली ते थांबले आणि दोन्ही हात वर केले. वॉचमन गोंधळून खुर्चीवरून उठला, मी त्याला खुणेने बसवलं. पुढे झाले. पोलिसासारखं तोंड करायला गेले, ते काही जमलं नाही. सदऱ्याचा खिसा रिकामा होता. लेंग्याच्या खिशात हात घातला तर कागदात गुंडाळलेली लिमलेटची गोळी. घरून निघतानाच टाकलेली. म्हणजे या गेटातून बाहेर पडायचं त्यांचं सकाळीच ठरलं होतं.

त्यांचे हात अजून वरच होते. मी गोळी जप्त केली, तिथेच तोंडात टाकली आणि म्हटलं, "झाली झडती. सुटलात."

त्यांनी हात खाली घेतले आणि पाळी संपलेल्या माणसासारखे घराकडे चालू लागले.