वीस बाजूंचा कंदील

मला बघायला पाहुणे येणार असले की आधीच पाटावर बसवून ठेवत. ते गेल्यावरच उठायचं. पातळाखालून पाय दिसला नाही म्हणजे झालं. पोलिओने माझा डावा पाय पार वाळवून टाकला होता, पण आमच्या खाडीकाठच्या खारेपाटातल्या गावात घरचे सांगत, "लहानपणी पडली हो." रोगाचं नाव घ्यायचं नाही. नाव न घ्यायला तो काय माझा नवरा होता?

मी मुंबईला गणित शिकत होते. आमच्या सरांनी एकदा परदेशी मासिकातून वाचून दाखवलं, की पोलिओच्या विषाणूचं कवच एकाच छापाच्या तुकड्यांचं असतं आणि ते कसं मिटतं हे गणिताने सांगता येतं. मी वेडीच झाले. माझा पाय खाणाऱ्याला आकार आहे, आणि तो मला मांडता येतो! पुढे हेच शिकायचं ठरवलं. आईने मात्र दिवाळीच्या सुट्टीत स्थळ आणलं. होकार आला की शिक्षण बंद.

त्या सुट्टीत मी कंदिलासाठी कामट्यांचे सारखे त्रिकोण बांधत होते. एका टोकाभोवती सहा जोडले की थाळीसारखे सपाट पडतात. कितीही जोडत जा, मिटायचं नाव नाही. एक काढून पाचच जोडले की वाटीसारखे वर उठतात. प्रत्येक टोकाला पाच करत गेले आणि विसाव्या त्रिकोणाला कंदील मिटला, अगदी सरांनी सांगितलेल्या त्या विषाणूच्या कवचासारखा. मी एकटीच जोरात हसले.

पाहुणे आले. मुलाची आई म्हणाली, "जरा चालून दाखव बघू."

"आज पाय मुरगळलाय तिचा," आई घाईने म्हणाली.

"मुरगळला बिरगळला काही नाही," मी म्हटलं आणि उठले. सगळ्यांसमोर लंगडत ओटीवर गेले, कंदील आणून त्या बाईंपुढे ठेवला. "हा पोलिओ. असा दिसतो. यानेच माझा पाय नेला. आता मी याच्या मागे लागलेय, मला लग्नाला वेळ नाही."

चहा तसाच राहिला. पाहुणे गेल्यावर आईने कपाळावर हात मारला. "नाक कापलंस गो! आन् हा रोग दारात टांगणार हायेस?"

"टांगणार. बघू दे लोकांना उजेडात."

बाबा उठले. दोरी घेऊन स्टुलावर चढले आणि म्हणाले, "धर खालून."

सुट्टी संपल्यावर मी रेवसहून लाँचने परत गेले. पुढच्या दिवाळीला घरी आले तर ओटीवर कामट्या तासून ठेवलेल्या.

"यंदा कुठला रोग बांधतेस गो?" आईने विचारलं.