तुर्डिसची शिट्टी

"चेंडूत हवा असते, पाप नसतं," मास्तर म्हणत होते.

"हवेचं कोण बोलतंय? त्याच्यामागे पळणाऱ्यांचं बोलतोय मी," तुर्डिसचे वडील म्हणाले.

तुर्डिस तेव्हा नऊ वर्षांची. नॉर्वेतल्या नेसवोग गावच्या प्रार्थनाघराच्या स्वयंपाकघरात ती कप विसळत होती, आणि कप द्यायच्या खिडकीची फळी बोटभर उघडी होती. पलीकडे गावातले पाच मोठे लोक दोन तास भांडत होते: मागच्या गवतात पोरांनी फुटबॉल खेळावा की नाही? कॉफीची तिसरी किटली रिकामी झाली तेव्हा निकाल लागला. खेळावा. पण रविवारी नाही, स्तोत्र चालू असताना नाही, आणि गोल मोजायचे नाहीत; मोजले की गर्व येतो.

त्या दिवसापासून तुर्डिस मनातल्या मनात गोल मोजू लागली.

शाळा सातवीपर्यंत. मग मासे साफ करायचा कारखाना, मग नवरा, मग नवऱ्याशिवाय. आणि या सगळ्यात प्रार्थनाघराचं स्वयंपाकघर. एका बैठकीत दोनशे वॉफल करून ती पुन्हा हसऱ्या तोंडाने भांडी घासायला बसे. एक्कावन्नाव्या वर्षी प्रार्थनाघराच्या मिशनने तिला पहिल्यांदा परदेशी नेलं, अर्थात स्वयंपाकाला. लाटव्हियाच्या पूर्वेकडच्या एका गावात दर जुलैला नॉर्वेची तरुण मंडळी शिबिर भरवायची. सकाळी बायबल, दुपारी फुटबॉल, संध्याकाळी सभा. गाव आधीपासूनच ख्रिस्ती होतं. त्यांच्या चर्चला दोन मनोरे होते, नेसवोगच्या प्रार्थनाघराला एकही नाही. पण असल्या बारीकसारीक गोष्टींनी मिशन अडत नाही.

पहिल्याच वर्षी पंच म्हणून मिशनचा पाळक उभा राहिला. यजमानांवरच्या प्रेमापोटी त्याने त्यांना तीन पेनल्टी दिल्या, आणि शेवटी यजमानांनीच त्याला गवतात आडवा केला. तेव्हा तिथल्या शाळेची स्वयंपाकीण झेंटा मैदानात शिरली. तिने पाळकाच्या गळ्यातली शिट्टी काढली आणि तुर्डिसच्या गळ्यात घातली.

"हिच्या हातात पळी असते," झेंटा म्हणाली. "कुणाला किती वाढायचं ते हिला कळतं. आणि हिच्याशी कुणी वाद घालत नाही."

त्या हिवाळ्यात तुर्डिसने फुटबॉलच्या नियमांचं पुस्तक मागवून वाचून काढलं. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेलं हे तिचं दुसरं पुस्तक. पहिलं बायबल. दुसऱ्यात माणसं कमी मरतात, असं तिचं मत पडलं. पिवळं कार्ड तिने मार्गारीनच्या खोक्याचं कापलं. लाल कापलंच नाही. ज्याला बाहेर काढायचं, त्याला ती बटाटे सोलायला पाठवी. धावणं तिच्या गुडघ्यांना जमत नसे. ती ॲप्रन बांधून मैदानाच्या मधोमध उभी राही, खेळ तिच्याभोवती फिरे, आणि एकही ऑफसाइड तिच्या नजरेतून सुटत नसे. अशी बावीस वर्षं गेली.

शेवटची सहा वर्षं शिबिराचा प्रमुख होता शेल आर्ने. माणूस चांगला, फक्त पवित्र आत्म्याची गाडी पाच मिनिटं उशिरा आली तर आपण ढकलावी, असं त्याला वाटे. शिबिराच्या शेवटच्या शनिवारी नॉर्वे विरुद्ध गाव असा सामना असायचा. त्या सकाळच्या प्रार्थनेनंतर शेल आर्ने आपल्या पोरांना एवढंच सांगे, "आज प्रेमाने खेळा." म्हणजे हरा. पोरं प्रेमाने हरत, गाव खुशीत सभेला येई, शाळेचा हॉल भरे. तुर्डिसला हे दिसत होतं. सहा वर्षं तिने शिट्टी वाजवली आणि तोंड बंद ठेवलं.

सातव्या वर्षी, शुक्रवारी दुपारी, ती आणि झेंटा थंड सूपसाठी बीट किसत होत्या. डाइगा आत आली. सोळा वर्षांची, हातापायांनी लांबलचक, गावाच्या संघाची गोलकीपर.

"मावशी, तुझी पोरं मुद्दाम हरतात," ती म्हणाली.

तुर्डिसने किसणं थांबवलं नाही. "कोण म्हणतं?"

"माझे हात म्हणतात. चेंडू असा येतो, जसा कुणी उशी टाकतंय. सोमवारी रीगाला क्लबची निवड आहे. तीन वर्षं सगळे म्हणतात, डाइगाने नॉर्वेला हरवलं. मी खरंच चांगली आहे की नाही, ते तिथे जायच्या आधी मला कळायला हवं. की तिथेच हसं करून घेऊ?"

"इथे हसं झालं तर चालेल?"

"इथले लोक मला लहानपणापासून हसतायत. त्याची सवय आहे."

ती निघून गेल्यावर झेंटा तिच्या मोडक्या जर्मनमध्ये म्हणाली, "सगळ्या गावाला माहीत आहे, बाई. तुमचं मन मोडू नये म्हणून आम्ही जिंकतो."

तुर्डिसच्या हातातलं बीट सुटून सूपमध्ये पडलं. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं.

संध्याकाळी तिने शेल आर्नेला व्हॅनपाशी गाठलं.

"उद्या प्रेमाचं बोलू नकोस."

"तुर्डिस, संध्याकाळी सभा आहे. हरलेली माणसं सभेला येतात का?"

"बायबलात तर बहुतेक हरलेलीच येतात."

"तू शिट्टी सांभाळ," तो हसून म्हणाला, "सुवार्तेचं मी बघतो."

"शिट्टी सांभाळली नाही, तेच तर झालं," ती म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

शनिवारी सकाळी त्याने पुन्हा तेच सांगितलं.

सामन्याच्या दहाव्या मिनिटाला नॉर्वेचा सिंद्रे एकटा डाइगासमोर आला. गोल म्हशीलाही मारता आला असता इतका मोकळा. त्याने चेंडू सावकाश झुडपात घातला आणि डोक्याला हात लावला. तुर्डिसची शिट्टी वाजली. तिने मार्गारीनचं कार्ड वर धरलं.

"मी काय केलं?"

"खेळाचा अपमान. पुस्तकात आहे."

"मी फक्त चुकलो."

"भांडी घासायची वेळ आली की माणसं वाट चुकतात, तसा चुकलास."

विसाव्या मिनिटाला त्याने तेच पुन्हा केलं. तुर्डिसने दुसऱ्यांदा कार्ड दाखवलं आणि शाळेच्या स्वयंपाकघराकडे बोट केलं. "जा. पोतं दाराशी आहे. सालं पातळ काढ."

शेल आर्ने रेषेवरून धावत आला. "तुर्डिस, काय चाललंय हे? आपलाच माणूस?"

"मैदानात माझा कुणी माणूस नाही. आणि रेषेच्या आत आलास, आता तुलाही दाखवू का?"

तो मागे सरला. गावचे लोक बाकांवर उठून उभे राहिले. तुर्डिसने दोन्ही संघांना बोलावलं. "खेळणार असाल तर खेळा. नाहीतर मी इथेच थांबवते आणि निकाल देते, कुणीच जिंकलं नाही."

मग पोरं खेळली. दहाजण असूनही खेळली, आणि सहा वर्षं कोंडलेलं सगळं बाहेर काढलं. पहिला फटका डाइगाच्या डाव्या हाताखालून जाळ्यात गेला, दुसरा डोक्यावरून. तिसरा तिने अडवला, चौथा अडवला, पाचवा तोंडावर घेतला, नाकातून रक्त आलं तरी परत उभी राहिली. गावाने एक परत केला. तो मात्र खराखुरा, आणि त्यावर म्हातारे एकमेकांना मिठ्या मारू लागले. शेवटी चार–एक. नॉर्वे.

डाइगा जाळ्याला पाठ लावून बसली आणि रडली. तुर्डिस तिच्यापाशी गेली, पण समजूत घालणं तिला येत नसे.

"अकरा अडवलेस," ती म्हणाली. "चार गेले. डावीकडे खाली उशिरा झुकतेस."

डाइगाने नाक पुसलं. "सिंद्रे कुठे आहे?"

"बटाट्यांपाशी."

"त्याला बोलाव. डावीकडे खाली मारायला सांग."

जेवणाची घंटा होईपर्यंत तो मारत होता, सालं हाताला चिकटलेली तशीच.

त्या संध्याकाळी सभेला अकरा जण आले. त्यातली झेंटा कॉफीसाठी आलेली. शेल आर्ने रिकाम्या खुर्च्यांना छान बोलला. नंतर स्वयंपाकघरात आला आणि त्याने हात पुढे केला.

"पुढच्या वर्षी पंच दुसरा बघू, तुर्डिस. तुझे गुडघे."

"गुडघे," ती म्हणाली, आणि तिने गळ्यातली शिट्टी काढून त्याच्या हातावर ठेवली. ठेवण्याआधी पुसली, एवढंच.

ऑगस्टमध्ये झेंटाचं पत्र आलं. डाइगाला क्लबने घेतलं होतं. तिसरी गोलकीपर म्हणून. पहिल्या दोघी आजारी पडल्या तरच खेळायचं. खाली डाइगाच्या हाताने एक ओळ होती: तिसरी, पण खरी. आणि गावातली पोरं आता दर बुधवारी सराव करतात, म्हणे, नॉर्वेवाल्यांना येऊ दे.

तुर्डिस मार्चमध्ये गेली, झोपेत, कुणाला तसदी न देता. त्याआधीच्या शनिवारी तिने दरवर्षीची फेरी केली होती. लहान मुलाची जुनी ढकलगाडी घेऊन ती नेसवोगमध्ये दारोदार हिंडली आणि तिथल्या पोरांना आखूड झालेले फुटबॉलचे बूट शिबिराच्या गावातल्या पोरांसाठी गोळा केले. प्रत्येक बूट हुंगला. दोन घरांत, "हे देवाला द्यायचे आहेत, उंदराला नाही," म्हणून परत केले. बाकीच्यांच्या नाड्या धुतल्या, जोड्या बांधल्या, आत कागदाचे बोळे कोंबले. कागद म्हणजे मिशनचं मासिक. त्यात शेल आर्नेने मागच्या उन्हाळ्याबद्दल दोन पानं लिहिली होती आणि सामन्याचा निकाल लिहायचा राहिला होता. टाचेवर पेनाने माप घातलं. एकोणचाळीसची, डाइगाच्या मापाची, एक जोडी होती, जवळजवळ नवी. ती तिने सगळ्यात वर ठेवली, पोत्याचं तोंड बांधलं आणि शेल आर्नेच्या गॅरेजमध्ये नेऊन टाकलं.

"कॉफी घेतेस?" त्याने दारातून विचारलं.

"बटाटे चुलीवर आहेत," ती म्हणाली आणि ढकलगाडी घेऊन घरी गेली.