हुसेनबीचा नवा गुडघा

नायगावच्या बाजारात बांगड्या भरायच्या तर हुसेनबीकडंच, असं आजूबाजूच्या खेड्यांतल्या बायका म्हणायच्या. हात कितीही जाड असो, हुसेनबी तो असा काही दाबायची की काचेची बांगडी न फुटता मनगटावर जायची. बाई कळवळली की हिचं ठरलेलं, "हात ढिला सोड. दुखत न्हाई."

जमिनीवर मांडी घालून बसण्यात उमर गेली आणि उजव्या गुडघ्यानं जवाब दिला. नांदेडला ऑपरेशन झालं, गुडघा बदलला. घरी आल्यावर हुसेनबी पलंगावर बेगमसारखी पसरली. "नवा गुडघा बसवलाय, आता त्याचं तो बघंल," असं तिनं लेकाला, यासेरला सांगून टाकलं.

पण सकाळी तनुजा दारात हजर. फिजिओथेरपीवाली पोरगी, अंगानं काडी, आवाज हवालदाराचा. तिनं टॉवेलची गुंडाळी करून गुडघ्याखाली ठेवली आणि म्हणाली, दाबा. मग पाय सरळ ठेवून वर उचला. मग टाच गादीवरून घासत मागं घ्या. गुडघा जरा वाकला की हुसेनबीची किंकाळी पार बसस्टँडपर्यंत जायची.

"खाला, पाय ढिला सोडा. दुखत नाही," तनुजा म्हणाली.

हुसेनबी ताडकन उठून बसली. "ए पोरी, ही झूठ मला नको सांगू. आख्खी जिंदगी मीच हे बोलून राहिले!"

हे यासेरनं दुकानात सांगितलं आणि झालं, गावभर पसरलं. दुसऱ्या दिवशी चांगुणाबाई आली. भाजीवाली, दर सणाला हुसेनबीच्या हातून रडून बांगड्या भरलेली. तिनं स्टूल ओढलं, पदर सावरला आणि व्यायाम बघत बसली. पुढं रोजच येऊ लागली, येताना आणखी दोघी-चौघींना घेऊन. गुडघा वाकायला लागला की सगळ्या एका सुरात, "ढिला सोड गं हुसेनबी, दुखत न्हाई!"

यासेर चहा करून करून थकला. तनुजा मात्र खूश होती, कारण या बायांपुढं ओरडायचं नाही म्हणून हुसेनबी ओढणीचं टोक दातात धरायची आणि पाय वाकवायची.

एके दिवशी मात्र तिचा धीर सुटला. "बस झालं. मला जमायचं न्हाई," म्हणून ती खरोखरच रडायला लागली. खोलीत कुणी हसलं नाही. चांगुणाबाई उठली, पलंगावर टेकली आणि तिनं आपला हात पुढं केला.

"धर. दुखलं की दाब."

तनुजानं पाय वाकवला. हुसेनबीनं हात दाबला. त्या दिवशी बसस्टँडपर्यंत गेलेली किंकाळी चांगुणाबाईची होती. पण गुडघा पुरता वाकला. मग वॉकर आला, पुढं काठी आली आणि एक दिवस काठीही सुटली.

नवरात्रात हुसेनबी माल घेऊन माहूरला गेली. आता खाली बसायची मनाई, म्हणून देवळाच्या पायऱ्यांपाशी खुर्चीवर बसून दुकान मांडलं. देवीच्या दर्शनाला चांगुणाबाईही सोबत आली होती. पण पहिल्याच पायरीवर ती गुडघे धरून उभी राहिली.

खुर्चीवरून हुसेनबीनं तनुजाच्याच आवाजात फर्मावलं, "चढताना चांगला पाय आधी! उतरताना दुखरा!"

"अगं, माझे दोन्ही दुखरेच हायत. कोणता आधी टाकू?"

हे काही हुसेनबीला शिकवलेलं नव्हतं. तिनं तनुजाला फोन लावला, ऐकून घेतलं आणि बंद केला.

"काय म्हणली?"

"नांदेडला घेऊन या म्हणली."

चांगुणाबाईनं वरच्या पायऱ्यांकडं बघितलं, मग हुसेनबीच्या गुडघ्याकडं.

"थांब जरा. देवीला इचारून येते," म्हणाली, आणि कठडा धरून, जो पाय आला तो टाकत चढू लागली.